कार्बोरेटरच्या वाटीतलं पाणी

गाडी मिसिंग मारायला लागली की मालक पहिली शिवी गाडीला देतो, दुसरी पेट्रोलला, आणि तिसरी मिस्त्रीला. चाळीस वर्षं ही तिसरी शिवी मी ऐकत आलो. काही वेळा ती मला लागू होती, बहुतेक वेळा नव्हती. जेव्हा नव्हती, तेव्हा मी ती परत केली. आज लिहितोय ते अशाच एका परत केलेल्या शिवीबद्दल.

मी गौतम. उदगिरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं मोटारसायकलचं गॅरेज. लोक गौतम मिस्त्री म्हणतात. या अंकाचे संपादक म्हणाले, तुमचा जीवनप्रवास लिहा. मी म्हटलं, प्रवास गाड्यांनी केला, मी त्यांना फक्त रस्त्याला लावलं. त्यातली एक गाडी अजून डोक्यातून जात नाही, तिचं लिहितो.

ज्यांनी कधी पाना धरला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. इंजिनात काही जादू नाही. हवा आणि पेट्रोलची वाफ आत जाते, पिस्टन ती दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, भडका होतो आणि चाक फिरतं. मिनिटाला हजारो वेळा हेच. त्यातला एखादा भडका चुकला की गाडीला उचकी लागते. फट् फट् फट्, मध्येच गप्प, मग सायलेन्सरमधून एक मोठा बार. त्या चुकलेल्या ठोक्याला मिसिंग म्हणायचं. ठोका चुकायची कारणं तीनच. ठिणगी पडली नाही, पेट्रोल पोचलं नाही, नाहीतर दोघांची वेळ जमली नाही. पण या तीन कारणांना एवढी लेकरंबाळं आहेत की माणूस त्यांच्या मागं फिरून म्हातारा होतो. मी झालोच.

काम शिकलो नांदेडला, करीम उस्तादांच्या हाताखाली. उस्ताद म्हणायचे, "गौतम, पैले कान लगा, बाद में पूछ, आखिर में पाना उठा. तू उल्टा कर रा." गाडी आली की ते तिच्या शेजारी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि मालकाला विचारायचे. चढावर मिसिंग मारती का उतारावर? इंजिन गार असताना का तापल्यावर? एकटं असताना का डबलशीट?

हा शेवटचा प्रश्न मला फालतू वाटायचा, मुखेडचे एक गुरुजी पुढं माझ्या दुकानात येईपर्यंत. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, हसू नका. गाडी एरवी सुतासारखी चालती. फक्त सासरे मागं बसले की मिसिंग मारती."

"बाई बसल्या तर?"

"न्हाई. लेकरं बसली तरी न्हाई. फक्त सासरे."

सासऱ्यांचं म्हणणं, गाडी अपशकुनी आहे, विकून टाका. मी म्हटलं, सासऱ्यांना घेऊन या. आठ दिवसांनी दोघं आले. सासरे म्हणजे ज्वारीच्या पोत्यानं लाजावं असा देह. गाडी स्टँडवर चालू करून त्यांना मागं बसवलं, मिसिंग सुरू. उठवलं, बंद. बसवलं, सुरू. चार-पाच वेळा त्यांची अशी उठबस झाली, तोवर रस्त्यावरची दहा माणसं गोळा झाली होती. शीट खोलून बघितली तर खालून कॉइलची वायर गेलेली, तिच्यावरचं रबर झिजलेलं. जड माणूस बसला की शीटचा पत्रा वायरीला टेकायचा आणि ठिणगी प्लगकडं जायच्या ऐवजी पत्र्यात जिरायची. दोन वेढे टेप मारली, वायर बाजूला बांधली, काम झालं.

सासऱ्यांनी विचारलं, "काय झालतं?"

मी म्हटलं, "काही न्हाई मामा, तुमचं वजन पडत होतं."

ते एवढे खूश झाले की विचारू नका. जावयाच्या घरी आपलं वजन पडतं, हे त्यांना चारचौघांत ऐकायचंच होतं.

सगळ्याच गाड्या अशा हसत सुटत नाहीत.

उस्मानाबादेतून फुटून लातूर नवीन जिल्हा झाला, त्याच्या लगतच्या वर्षांतली गोष्ट. पाऊस दोन वर्षं रुसलेला. विहिरींचे तळ दिसत होते, आणि गावोगावी लोकांची सगळी भिस्त हापशावर. जिल्हा नवा म्हणून साहेब नवे, टेबलं नवी, गाड्याही नव्या. उदगिरातल्या एका कचेरीला दुष्काळाच्या कामासाठी आठ मोटारसायकली आल्या. कचेरीचं नाव लिहीत नाही. त्या गाड्यांचं काम माझ्याकडं आलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. बापानं ज्या कचेरीच्या दाराबाहेर चप्पल काढून उभं राहण्यात जन्म घालवला, तसल्या कचेरीच्या गाड्या माझ्या दुकानासमोर रांगेनं उभ्या राहत होत्या.

आठातली एक गाडी नागनाथकडं होती. नागनाथ हापसे दुरुस्त करणारा. रोजंदारीवरचा माणूस, उंच, वाळका, घरी कानडी बोलणारा. मला अण्णा म्हणायचा. पन्नासेक गावांचे हापसे त्याच्या एकट्याच्या गळ्यात. गाडीला एका बाजूला पान्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला वायसर आणि साखळ्या. तो पोचला की गावाला पाणी, नाही पोचला की बायका दोन-दोन कोस चालणार, इतका सरळ हिशोब.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो आला. "अण्णा, मिसिंग मारायलीय. चढावर तर मरतीच."

मी प्लग बघितला, काळा होता. बदलला. ठिणगीची वेळ धरणारा पॉइंट घासून त्याची फट बसवली. गाडी छान वाजली. तिसऱ्या दिवशी नागनाथ परत हजर. मी कंडेन्सर बदलला. पुन्हा तीन दिवस बरे गेले, पुन्हा तीच उचकी. त्या दिवसांत दुकानात गर्दी होती, आणि मी उस्तादांनी सांगितलेलं उलटं करत होतो. पाना आधी, कान मागून. नागनाथला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. तो विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती देगलूर रस्त्याला, भर दुपारी. नागनाथ खांद्यावर पिशवी टाकून पायी निघाला आणि उन्हानं चक्कर येऊन बाभळीखाली पडला. एका बैलगाडीवाल्यानं त्याला उचलून आणलं. ज्या गावाला तो निघाला होता त्या गावचे लोक दुसऱ्या दिवशी रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर आले.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब पुण्याकडचे, नवीनच आलेले. खुर्चीशेजारी नागनाथ मान खाली घालून उभा. कोपऱ्यात बाबूराव, कचेरीचं स्टोअर सांभाळणारे, पन्नाशीचे, फारच गरीब स्वभावाचे.

साहेब म्हणाले, "गाडीतले नवीन पार्ट काढून घेतोस आणि जुने घालतोस. हा गाडी बंद पडल्याचं सोंग करतो. दोघांचं संगनमत आहे. याला उद्यापासून कामावरून कमी करतोय, आणि तुझं काम निकृष्ट असल्याचं लेखी पाठवतोय लातूरला."

मी म्हटलं, "साहेब, पार्ट तपासून घ्या. नवेच हायत."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्यातले लोक मिस्त्री कधीपासून झाले रे?"

खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं, आणि कुणीच ऐकलं नसल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "शिकवणारा भेटला तवापासून, साहेब. आता माझं ऐका. नागनाथला तीन दिवस कमी करू नका. दोष माझा निघाला तर दुकानाला मी माझ्या हातानं कुलूप लावतो. दुसऱ्या कुणाचा निघाला तर आज बोललात ते तुम्ही माघारी घ्यायचं."

त्यांनी लातूरचा कागद बाजूला सरकवला. मी तो होकार धरला.

बाहेर येऊन नागनाथला म्हटलं, "उद्या गाडी दुकानात आणू नको. कामाला निघताना मला घे. मी चालवतो, तू मागं बस."

सकाळी निघालो. कचेरीच्या आवारातून बाहेर पडताना गाडी फक्कड वाजत होती. सात-आठ किलोमीटरवर चढ लागला आणि उचकी सुरू झाली. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि उस्तादांसारखा शेजारी उकिडवा बसलो. तेव्हा कुठं तो प्रश्न सुचला.

"नागनाथ, पेट्रोल कधी भरलंस?"

"आत्ताच की, निघताना."

"मागच्या वेळी बंद पडली, तवा?"

त्यानं आठवलं. "त्या दिवशी सकाळीच भरलतं. अण्णा... त्याच्या आधी बी भरल्यावरच."

"कुठं भरतोस?"

"कचेरीतल्या ड्रममधनं."

त्या काळात पंपावर पेट्रोल कधी असायचं, कधी नसायचं. म्हणून कचेरीनं एक मोठा ड्रम भरून ठेवलेला असायचा, त्यात नळी घालून गाड्या भरायच्या. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते, इंजिनात जायच्या आधी पेट्रोल त्या वाटीत साठतं. मी ती वाटी खोलली आणि आतलं सगळं तळहातावर ओतलं. पेट्रोल हाताला गार लागलं आणि बघता बघता उडून गेलं. पण सगळं उडालं नाही. तळहाताच्या मध्यभागी एक टपोरा थेंब राहिला, इकडून तिकडं घरंगळणारा.

पाणी.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते वाटीच्या तळाशी बसतं, आणि चढावर गाडी मान वर करते तेव्हा नेमकं इंजिनाच्या घशात जातं. पाण्याचा भडका कसा होणार? ठोका चुकणारच.

मी नागनाथला हात दाखवला. तो थेंबाकडं बघत राहिला. "गावात प्यायला न्हाई," तो म्हणाला, "आन् हितं?" मग हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. कामचुकार म्हणून सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या होत्या बिचाऱ्यानं.

मी विचारलं, "बाकी सात गाड्या बी त्याच ड्रमवर चालत्यात ना? त्यांची तक्रार कशी न्हाई?"

"त्या बी मारत्यात मिसिंग. पर गाडी बंद पडली की ते लोक घरी बसत्यात, अण्णा. तक्रार कशाला करतील?"

सोबत सलाइनची काचेची रिकामी बाटली होती. टाकीच्या तळाचं पेट्रोल त्यात काढलं आणि दगडावर ठेवून थोडं थांबलो. खाली बोटभर पाणी, वर पेट्रोल, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. वरचं स्वच्छ पेट्रोल टाकीत परत ओतलं, वाटी पुसून बसवली. गाडी चढ असा चढली की नागनाथनं मागून माझ्या पाठीवर थाप मारली.

ज्या गावचे लोक घागरी घेऊन आले होते त्याच गावाला आधी गेलो. हापशाचे पाईप ओढून वर काढायचे तर चार माणसं लागतात. गावातले दोघं धावून आले, नागनाथ होता, चौथा मी. बाह्या सारून पाईप धरला. पारावर एक म्हातारे बसले होते. त्यांनी नागनाथला विचारलं, "हे पाव्हणं कोण?"

मीच उत्तर दिलं. "उदगीरचा मिस्त्री. गौतम नाव. बौद्धवाड्यात ऱ्हातो."

म्हातारे उठून उभे राहिले. "मग हापशाला हात कशाला लावता? आमची पोरं हायत की."

त्या गावात हापसा एकच, वरच्या आळीत. खालच्या आळीतल्या बाया लांब घागरी ठेवून उभ्या असायच्या, कुणी वरून ओतलं तर पाणी. हे त्या दिवशीही तसंच होतं. त्या लांब उभ्या होत्याच.

नागनाथनं हातातला पाना खाली ठेवला. आयुष्यभर कुणाला उलटून न बोललेला माणूस, म्हणाला, "आजोबा, ह्यांचा हात नको तर माझा बी नको. आमी जातो. पाईप असाच ऱ्हाऊ द्या."

मग गर्दीतून एक बाई म्हणाली, "आबा, तुमी बसा की गप. तुमाला हांड्यानं घरात मिळतंय. आमची डोकी भाजून निघालीत."

आबा बसले. आम्ही पाईप काढले. खालचं चामड्याचं वायसर झिजून कागद झालं होतं. नवं घातलं, पाईप सोडले. दांडा हापसायला लागलो, पन्नास-साठ वेळा नुसती हवा, आणि मग लाल गढूळ धार, आणि मग पाणी.

पहिली घागर भरली. ती घेऊन आबांच्या घरातला एक माणूस पुढं आला आणि त्या पाण्यानं हापशाचा दांडा धुवायला लागला. मी जिथं हात लावला होता तिथं, नीट, राखेनं घासून. ज्या गावात दोन दिवस कुणी आंघोळ केली नव्हती त्या गावानं पहिली घागर माझा हात धुवायला खर्च केली.

मी जवळ गेलो. म्हटलं, "धुवा, चांगलं धुवा. पर हे पाणी माझ्याच हातानं वर आलंय. ते कशानं धुणार?"

तो माणूस थांबला. मी दांडा धरला आणि लांब उभ्या असलेल्या बायांना हाक मारली, "ताई, घागरी आणा हिकडं." त्या आधी बिचकल्या. मग एक आली, तिच्या मागं दुसरी. सगळ्यांच्या घागरी भरेपर्यंत मी हापसत राहिलो. मला कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बायांना अडवलं असेल का, माहीत नाही. मी तिथं राहणार नव्हतो. त्याची टोचणी आजही आहे.

दुपारी कचेरीत गेलो. साहेबांसमोर ड्रममधलं पेट्रोल बाटलीत काढलं आणि टेबलावर ठेवलं. पाच मिनिटांत रेघ दिसली.

"हे पाणी हाय साहेब. पार्ट माझे नवे हायत, आन् नागनाथ सोंग करत न्हाई."

साहेब बाटलीकडं बघत राहिले. मग चेहरा न बदलता त्यांनी मान वळवली. "बाबूराव, ड्रम तुमच्या ताब्यात आहे. पेट्रोल चोरून पाणी भरलंत?"

बाबूराव पांढरे पडले. तोंड उघडलं, मिटलं.

मी मोकळा झालो होतो. मी आपला घरी गेलो आणि पोटभर जेवलो. बाटली मी माझं नाव धुवायला नेली होती. ते पाणी कुणाच्या अंगावर सांडेल याचा विचारच केला नव्हता.

दोन दिवसांनी बाबूराव दुकानात आले. हातात नोटीस. लातूरला चौकशी, चोरीचा आरोप. ते उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"मिस्त्री, तुमचं झालं. माझं काय? पोरगी लग्नाची हाय, चोराची पोरगी म्हणून कोण करंल?"

"खरं काय ते सांगा ना मग."

बरंच चाचरून त्यांनी सांगितलं. आधीचं पेट्रोल संपल्यावर रिकामा ड्रम साहेबांच्या बंगल्यावर गेला होता. टँकरचं पाणी साठवायला. दीड महिना तिथं होता. नवीन पेट्रोल यायचं ठरलं तसा घाईनं परत आणला, ओला तसाच भरला.

मला एकदम आठवलं. ड्रममधून पेट्रोल काढताना त्याच्या लहान तोंडाच्या आट्यांत सुतळी आणि सफेदा चिकटलेला दिसला होता. पाण्याचा नळ बसवणारे गळू नये म्हणून तसं करतात. पेट्रोलच्या ड्रमला कुणी सफेदा लावत नाही. तिथं तोटी बसवलेली होती.

"तोटी कुणी बसवली?"

बाबूराव म्हणाले, "नागनाथनं. साहेबांनीच सांगितलं होतं त्याला."

नागनाथला हे माहीत होतं, आणि तो गप्प बसला होता. मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "अण्णा, मी रोजंदारीवर. एका शब्दात जातो मी."

मी म्हटलं, "त्या दिवशी पाना खाली ठेवलास तवा बी रोजंदारीवरच होतास."

तो पान्यांची पिशवी उचलून निघून गेला.

लातूरच्या चौकशीला साक्षीसाठी मलाही बोलावलं होतं. तिच्या आदल्या दिवशी साहेबांचा शिपाई मला बोलवायला आला. या खेपेला साहेबांनी मला खुर्ची दिली, आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. "मिस्त्री, तुमच्याबद्दल गैरसमज झाला होता. आठही गाड्या कायम तुमच्याकडंच राहतील. उद्या लातूरला विचारलं तर एवढंच सांगा, ड्रम स्टोअरमध्येच असायचा."

मी म्हटलं, "मी स्टोअरात झोपायला नव्हतो साहेब. जे बघितलं तेवढंच सांगीन."

"नीट विचार करा."

"केला."

लातूरची ती कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. भिंतींचा चुना ओला, खुर्च्यांच्या पायांना अजून गवत गुंडाळलेलं. वरिष्ठ साहेब वयस्कर होते, चष्मा कपाळावर. आमचे साहेब त्यांच्या शेजारी बसले. बाबूराव समोर उभे.

मी बाटली ठेवली, रेघ दाखवली. मग सुतळी-सफेद्याचं सांगितलं. "साहेब, ड्रम मागवून बघा. लहान तोंडाला पाण्याची तोटी लागली होती. पाणी चोरानं भरलेलं न्हाई. पाण्याला वापरलेला ड्रम ओलाच भरलाय."

आमचे साहेब म्हणाले, "हा बाहेरचा माणूस. याला कचेरीतलं काय माहीत? तोटी होती हे म्हणायला पुरावा काय?"

खरंच नव्हता. बाबूरावांकडं बघितलं, ते जमिनीकडं बघत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"तोटी मी बसवली साहेब."

नागनाथ. कधी आला, कसा आला, मला माहीत नाही. एस.टी.नं आला असावा. हातात ती पितळी तोटी होती, आट्यांवर सफेदा तसाच.

"साहेबांच्या बंगल्यावर बसवली. परत काढून बी मीच आणली. बाबूरावांनी काय चोरलं न्हाई."

वरिष्ठ साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तोटी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. आमच्या साहेबांना त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. मग बाबूरावांना म्हणाले, "तुम्ही जा. नोटीस रद्द समजा."

बाबूरावांची नोकरी राहिली, पण बदली झाली, लांब किनवटकडं. जाताना ते मला भेटले नाहीत. पुढं कधी पत्रही नाही. आधी मीच त्यांना त्या संकटात लोटलं होतं, तेव्हा ते रागावले असतील तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नागनाथला कुणी काढलं नाही. वरिष्ठांनी त्याचं नाव विचारून घेतलं होतं, त्यामुळं कुणाची हिंमत झाली नाही. माझ्याकडच्या आठही गाड्या मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्या गॅरेजला गेल्या. नागनाथची तेवढी अधूनमधून माझ्याच दारात यायची. विचारलं तर म्हणायचा, "इथनंच रस्ता हाय, अण्णा."

त्या दिवशी लातूरला बाहेर पडलो तेव्हा आमचे साहेब जिन्याखाली उभे होते. नागनाथ पुढं गेला होता. साहेब माझ्याजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, उदगीरला धंदा करायचाय ना तुम्हाला?"

भीती वाटली नाही असं नाही. घरात चार तोंडं होती. पण पाय मागं घ्यावे असं वाटेना.

मी म्हटलं, "साहेब, बदल्या तुमच्या होत्यात. माझी न्हाई."

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. त्यांच्या खुर्चीत नंतर किती आले आणि किती गेले, मला सांगता येणार नाही. दुकान मी रोज सकाळी नऊला उघडतो.